पोटात दुखतंय, असं मूल सांगतं तेव्हा

‘एवढ्याशा पोरांना कसलं आलंय टेन्शन?’ शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आहे म्हटलं की स्टाफरूममध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे सात टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात तिघं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. तेव्हा ‘मोठा झाला की सुधारेल’ हा हिशोबही चुकतो.

‘ही शहरातली थेरं’ हा दुसरा गैरसमज. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी समाजाची बरीच मुलं आश्रमशाळेत राहून शिकतात. पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. आईबाप कधी खाली बागायती गावांत कांदा लागणीला गेलेले, गावी मोबाइलला रेंज नाही. दिवाळीची सुट्टी संपवून परत आलेलं असं पोर चार दिवसांनी पोट धरून बसतं. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. मग शिक्का बसतो: नाटकी आहे.

पण दुखणं खरंच असतं. भीती, काळजी, घरची ओढ यांचा परिणाम थेट आतड्यांच्या हालचालीवर होतो. म्हणून आधी डॉक्टर, आणि तिथे काही निघालं नाही तर वेळापत्रक बघायचं. दुखतं कधी? रात्री निजानीज झाल्यावर? एखाद्याच तासाला? एखादं विशिष्ट माणूस ड्युटीवर असताना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर प्रकरण वेगळ्या वाटेला जातं. अशा वेळी बरेच शिक्षक प्रेमापोटी म्हणतात, ‘सांग, मी कुणाला सांगणार नाही.’ हे वचन देऊच नये. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘तुला मदत करू शकतील अशांनाच सांगेन’, एवढं म्हणावं आणि ते पाळावं.

‘दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने गुरुजी काय मानसोपचारतज्ज्ञ होणार?’ नाही होणार, आणि व्हायचंही नाही. साप चावल्यावर जखम कापू नका, भगताकडे वेळ घालवू नका, दवाखाना गाठा, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही; तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीनच पायऱ्या आहेत: बघा, ऐका, जोडा. पहिल्या दोन कुठेही जमतील. डोंगरात अडतं ते तिसरीपाशी. जोडायचं कुणाशी, त्याचे नंबर शाळेत आधीच लिहून ठेवलेले हवेत: जवळचं आरोग्य केंद्र, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मुलांसाठीचा १०९८. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून, फुकट बोलता येतं. पोराला कसं सांभाळू, हे विचारायला शिक्षकानेही तिथे फोन करावा.

आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती चांगल्या शिक्षकांनाही असते. संशोधन तसं सांगत नाही. ‘जगू नये असं वाटतं का रे?’ असं शांतपणे, एकट्याला घेऊन विचारल्यावर मुलाला बऱ्याचदा सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत गाठायची.

माळीण डिंभे धरणापासून लांब नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरड कोसळून तिथली १५१ माणसं गेली. अशा आपत्तीनंतर मुलांना ‘काय काय पाहिलंस ते सगळं सांग, मन मोकळं कर’ म्हणून खोदून विचारायची आपल्याकडे रीत आहे. त्याने अपाय होऊ शकतो. एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याची ही पद्धत वापरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बोलायचं असेल तेव्हा मूल बोलेल. तोवर वेळेवर जेवण, ओळखीची माणसं आणि लवकर सुरू झालेली शाळा यांचा उपयोग जास्त.

आता प्रशिक्षण कुणाला? आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायची तरतूद आहे. मला ती आश्रमशाळेसाठी अपुरी वाटते. ताटात भात तसाच टाकून कोण उठलं, हे स्वयंपाकी मावशींना दिसतं. अंथरूण ओलं करणारं पोर कोणतं आणि त्याला चिडवतं कोण, हे अधीक्षकांच्या आधी कामाठी मामांना ठाऊक असतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी जे निर्देश दिले, त्यांत वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, आणि तेही शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसह, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यातलं एक जूनमध्ये शाळा भरायच्या आधी आणि दुसरं दिवाळीच्या सुट्टीत घ्यावं. मुलं परत यायच्या आत.