चेतापेशी तालात येतात कशा?

१९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० लहरी उठत, उघडले की मावळत. एकट्या चेतापेशीची वीज कवटीबाहेर जाणवत नाही. म्हणजे असंख्य पेशी एकदम चालत असणार. पण त्यांना तालात आणतं कोण?

१९७५ साली योशिकी कुरामोतो यांनी देखणं गणित मांडलं: जोड पुरेशी घट्ट झाली की वेगवेगळ्या गतीची आंदोलनंही एका तालात येतात. मात्र त्यात प्रत्येक जण प्रत्येकाशी सारखाच जोडलेला होता. मेंदू तसा नसतो. १९८६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सी. एलिगन्स या मिलिमीटरभर कृमीच्या ३०२ चेतापेशींची जोडणी सूक्ष्मदर्शी चित्रांवरून हाताने माग काढत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षांच्या त्या चिकाटीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

तोच नकाशा १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्या कामी आला. वॉट्स मुळात रातकिडे एका सुरात कसे किरकिरतात याच्या मागावर होते. शेजाऱ्यांशीच जोडलेल्या वर्तुळात थोडेच धागे दूरवर वळवले, तरी कुठूनही कुठेही पोचायला मोजकेच टप्पे लागतात आणि ताल लवकर जुळतो, असं त्यांनी दाखवलं; कृमीच्या नकाशातही हीच रचना दिसली.

मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र २००९ चा. रोझा कोसार यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या वाढत्या भागाच्या चकत्यांमध्ये दूरवर तंतू पसरलेल्या काही मोजक्या ‘हब’ पेशी शोधल्या. त्यातली एकच पेशी उद्दीपित केली, तरी सगळ्या जाळ्याची लय बदलत होती. इथे रचनेचं महत्त्व गणितातून नव्हे, जिवंत पेशीतून दिसलं.

तरी नुसती जोडणी पुरत नाही. खेकड्याच्या जठरातलं छोटं चेताजाळं आयुष्यभर अभ्यासणाऱ्या ईव्ह मार्डर यांच्या गटाने २००४ मध्ये संगणकी प्रतिकृतींतून दाखवलं, की जोडांची ताकद आणि पेशींचे गुणधर्म पार वेगळे असूनही लय तीच निघू शकते.

२०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला: सुमारे १,३९,००० पेशी, कोट्यवधी जोड. त्यात रासायनिक जोड आहेत, पेशी थेट विजेने जोडणारी गॅप जंक्शन नाहीत. आणि शेजारच्या निरोधक (इतर पेशींना आवरणाऱ्या) पेशींना ही गॅप जंक्शनच तालात बांधतात, हे उंदरांच्या मेंदूत १९९९ मध्येच दिसलं होतं.