अस्सल, नक्कल आणि छायाचित्राची चौकट

कृष्णेला पूर आला की सांगलीत जो तो पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका हे गणित येथे पोरासोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही पलीकडे गेले, त्या दिवसांतील एक छायाचित्र माझ्या संग्रही दोन रूपांत आहे. पहिल्यात डाव्या कडेला फुटांचे आकडे रंगविलेला पुलाचा खांब दिसतो. दुसरे, चित्र अधिक रेखीव व्हावे या सद्हेतूने, कोणीतरी कडेने कातरलेले आहे. पाणी दोहोंतही तेवढेच भयंकर आहे. परंतु आकड्यांबरोबर त्याची साक्ष गेली, आणि दुसरे चित्र कोणत्याही नदीच्या कोणत्याही पुराचे होऊन बसले.

छायाचित्र कातरणे आणि त्याचा आकार बदलणे, म्हणजे ज्यांना आपण क्रॉप आणि रिसाइझ म्हणतो, या दोन क्रियांचा उच्चार आपण एका दमात करीत असलो, तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. डिजिटल छायाचित्र ही रंगबिंदूंची, अर्थात पिक्सेलांची, जाळी होय. ४००० बिंदू रुंद आणि ३००० बिंदू उंच अशा चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. कातरताना चौकटीबाहेरचे बिंदू टाकले जातात आणि आतले जसेच्या तसे राहतात. आकार लहान करताना दृश्य सगळे राहते, पण शेजारशेजारच्या अनेक बिंदूंचा गोषवारा एकेका नव्या बिंदूत उतरविला जातो. कासच्या पठारावर टिपलेल्या चित्रातून सीतेच्या आसवांचा एक निळा-जांभळा झुबका वेगळा काढावा म्हणून कातरून रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्यावर आणली, तर ३० लाख बिंदू उरतात, आणि इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या मापाने ते सुमारे साडेसहा इंच रुंद व पाच इंच उंच चित्राला पुरतात. त्याहून मोठे करू गेल्यास संगणक शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरणा करतो. पण पाकळीवरची जी शीर कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती अनुमानाने खरी होत नाही.

ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. त्या काळी छायाचित्र छापायचे म्हणजे त्याचा जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठसा करवावा लागे, आणि ठशाचा खर्च त्याच्या क्षेत्रफळावर ठरत असल्यामुळे कोणता भाग ठेवावा व स्तंभाच्या रुंदीत तो किती मापाचा बसावा, याचा निर्णय आधीच करणे भाग असे. आज तोच निर्णय आपल्या अंगठ्याखाली आला आहे. किंमत मोजावी लागत नसल्यामुळे विचार मात्र राहून जातो.

साताऱ्यातील माझ्या भाच्याला दाखल्यासाठी 'आपले सरकार' या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावयाचा होता. तेथे छायाचित्राची रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल आणि वजन ५ ते २० केबी, असा दंडक असतो. त्याने ४००० बाय ३००० चे आडवे चित्र सरळ १६० बाय २०० मध्ये कोंबले, आणि पोराचा गोल चेहरा दोन्ही कानांकडून दाबल्यासारखा उभट झाला. १६० आणि २०० यांचे गुणोत्तर ४ : ५ आहे, म्हणून आधी त्याच गुणोत्तराची चौकट चेहऱ्याभोवती धरून कातरावे, आणि मगच आकार लहान करावा. मोबाइल उभा धरून काढलेल्या ३००० बाय ४००० च्या चित्रातून ३००० बाय ३७५० चा भाग घेतला, तर १६० बाय २०० करताना मुळातील सुमारे साडेतीनशे बिंदूंच्या जागी एक बिंदू येतो; चेहरा बारीक होतो, पण बिघडत नाही. आधी कातरणे, मग लहान करणे, आणि वजन शेवटी उतरविणे, हा क्रम त्या दिवशी आम्हां दोघांच्याही कायमचा ध्यानात राहिला.

वजन उतरविण्याचे काम १९९२ पासून प्रमाण ठरलेली जेपेग पद्धती करते. ती चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील गाळते. गाळलेला तपशील परत मिळत नाही, आणि बदल करून फाइल पुनःपुन्हा साठविली की गाळणीही पुनःपुन्हा होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्रही वाटेत असेच हलके होते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ रूपात पोहोचते.

आपल्या जुन्या दप्तरांत अस्सल आणि नक्कल असा स्पष्ट भेद असे. नक्कल लोकांच्या हातांत फिरे, अस्सल रुमालात बांधून जपले जाई. छायाचित्रांनाही हीच शिस्त लावावी, असे मला मनापासून वाटते. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करावी, जे कातरायचे ते प्रतीत कातरावे, आणि नावातच स्थळ व साल नोंदवून अस्सल वेगळ्या ठिकाणी ठेवावे. आयर्विनच्या खांबावरचे ते आकडे आज माझ्यापाशी शाबूत आहेत, ते ज्याने चित्र काढले त्याने अस्सल फाइल पुसून टाकली नाही म्हणून.