केस काप, नाव बदल!

बचत गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो, "पोरगी दहावीला गेली, आता तिचा खेळ बंद." खेळ आणि शिक्षण एका वेळी जमतच नाही, असं आपण धरून चालतो. म्हणून आज अमेरिकेतल्या डॉक्टर डॉट रिचर्डसन यांच्याविषयी सांगतो.

डॉट दहा वर्षांच्या होत्या. मुलांच्या बेसबॉल संघाच्या प्रशिक्षकाने त्यांचा खेळ पाहिला आणि संघात घेतो म्हणाला. पण अट घातली : केस बारीक कापायचे आणि नाव 'बॉब' सांगायचं. डॉट यांनी नकार दिला. त्या मुलगी म्हणूनच सॉफ्टबॉल खेळल्या. हाही बॅट-चेंडूचाच खेळ, फक्त चेंडू खालून हात फिरवून टाकतात.

पुढे त्या डॉक्टर झाल्या, हाडांच्या शस्त्रक्रिया शिकू लागल्या. सराव चुकू नये म्हणून घरातल्या एका खोलीतच त्यांनी जाळी बांधली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी रुग्णालयातून वर्षभर रजा घेतली. सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमध्ये प्रथमच आला होता. अंतिम सामन्यात चीनविरुद्ध डॉट यांच्या एका फटक्याने दोन धावा आल्या आणि अमेरिका ३-१ ने जिंकली. तेव्हा त्या ३४ वर्षांच्या होत्या. नंतर पुन्हा रुग्णालयाचं काम, आणि २००० मध्ये सिडनीला दुसरं सुवर्णपदक.

मैत्रिणींनो, त्यांनी शिक्षण सोडलं नाही, थोडं थांबवलं. आपणही परीक्षेपुरता खेळ थांबवू. पण शेवटचा पेपर झाला, की पोरीचे बूट माळ्यावरून खाली काढायचे, एवढं मात्र विसरू नका.