अर्धवट चौपदरी ए-६६

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वर्किंग्टनहून निघालेला ए-६६ हा रस्ता पेनाइन्सची डोंगररांग आडवी ओलांडून पूर्वेला मिडल्सब्रोपर्यंत जातो. त्यातला पेनरिथ ते स्कॉच कॉर्नर हा सुमारे ५० मैलांचा पट्टा उत्तर इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि तो कौतुकाने नव्हे.

या पट्ट्यावर स्टेनमोरची उघडी, वारा खाणारी खिंड आहे. रोमन सैन्याने रस्ता इथूनच काढला. खिंडीच्या दोन बाजूंची बोज आणि ब्रफ ही गावं रोमन किल्ल्यांच्या जागीच वसलेली आहेत. १७४३ मध्ये या दोन गावांमधला रस्ता टोलचा झाला. १८३८ च्या हिवाळ्यात चार्ल्स डिकन्स इथल्या बदनाम निवासी शाळा पाहायला आला तेव्हा ग्रेटा ब्रिजला उतरला, तोही याच वाटेवर. पुढे डरहमचा कोक पश्चिमेला आणि तिकडचं लोहखनिज पूर्वेला नेणारी रेल्वे आली. तीही १९६२ मध्ये बंद झाली आणि खिंडीतली सगळी वाहतूक रस्त्यावर आली.

आज इथलं दर चौथं वाहन ट्रक असतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा माल इंग्लंडच्या पूर्वेकडे जातो तो इथूनच. एवढा भार वाहणारा रस्ता मात्र तुकड्यातुकड्यांनी रुंद केला गेला. १९७७ मध्ये ब्रफचा बायपास झाला, टेंपल सोवर्बीचा व्हायला २००७ उजाडलं. मधले मिळून १८ मैल अजून दुपदरीच आहेत, तेही दुभाजकाविना.

माझ्या मते खरा धोका चौपदरी आणि दुपदरी तुकड्यांच्या सांध्यांवर आहे. चौपदरी भागात मोटारीला ताशी ७० मैलांची मुभा, दुपदरीवर ६०. जड ट्रकला तिथे ६०, इथे ५०. चौपदरी तुकडा संपत आला की मागचे चालक पुढचा ट्रक गाठून ओलांडायला वेग वाढवतात, आणि नेमका तिथेच रस्ता आवळतो. जो मागे राहिला तो दुपदरीवर ट्रकच्या रांगेत अडकतो, चिडतो आणि समोरून येणाऱ्यांच्या मार्गिकेत घुसतो. त्यातच शेतांची फाटकं थेट रस्त्यावर उघडतात, ट्रॅक्टर वळतात. जूनमध्ये ॲपलबीच्या घोडेबाजाराला निघालेल्या घोडागाड्याही याच रस्त्याने जातात. एक अपघात झाला तरी सगळं ठप्प होतं, कारण जड वाहनांना जवळपास दुसरी धड वाट नाही. हिवाळ्यात बर्फ आणि वाऱ्यामुळे कधी कधी खिंडच बंद ठेवावी लागते.

उरलेल्या भागाच्या चौपदरीकरणाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, सत्तांतरानंतर खर्चाचा फेरविचार झाला आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने पैसे देण्याचं जाहीर केलं. खर्च शंभर कोटी पौंडांहून जास्त आहे. माळरानाची काळजी करणाऱ्यांचे आक्षेप मला पोकळ वाटत नाहीत. पण अर्धा रस्ता रुंद करून अर्धा तसाच ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे, आणि तो इथे अनेक दशकं चालू दिला गेला.

ईशान्य इंग्लंडमधून लेक डिस्ट्रिक्टला जाणारी मराठी कुटुंबंही हाच रस्ता धरतात. त्यांना एवढंच सांगणं: निघण्यापूर्वी खिंड उघडी आहे का ते पाहा, आणि दुपदरीवर ट्रकच्या मागे अडकलात तर थांबा. पुढचा चौपदरी तुकडा काही मैलांवरच असतो.