इंटरनेट दूरध्वनी व्यवसायातील दीर्घकालीन गुंतवणूक : ‘एट बाय एट’ कंपनीच्या संदर्भात

प्रस्तावना

नवे तंत्रज्ञान यशस्वी ठरले की ते विकणाऱ्या कंपनीचा भागधारकही यशस्वी ठरतो, असे सामान्य गुंतवणूकदार गृहीत धरतो. इंटरनेट दूरध्वनीच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहता येते, कारण या तंत्रज्ञानाच्या यशाविषयी आता वाद उरलेला नाही. आवाजाचे अंकीय रूपांतर करून त्याची लहान पाकिटे इंटरनेटवरून पाठविणे, हे या सेवेचे मूलतत्त्व होय. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ मध्ये अशी संगणक-प्रणाली बाजारात आणली. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली आणि परदेशी गेलेल्या मुलांशी बोलणे अनेक मराठी कुटुंबांच्या आवाक्यात आले. संभाषण स्वस्त झाले, हा ग्राहकाचा लाभ. भागधारकाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका लहान कंपनीची वाटचाल

कॅलिफोर्नियातील ‘एट बाय एट’ ही कंपनी १९८७ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली. तिचा मूळ व्यवसाय संगणकाच्या चिप तयार करण्याचा होता. चित्रसंकोचनात वापरल्या जाणाऱ्या आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटीवरून तिने आपले नाव घेतले. १९९७ मध्ये तिचे समभाग नॅसडॅक बाजारात आले. चिपच्या धंद्यात टिकाव लागेना, तेव्हा कंपनी दूरध्वनी सेवेकडे वळली आणि २००२ मध्ये ‘पॅकेट एट’ ही सेवा सुरू झाली. त्या वर्षी तिचा समभाग एक डॉलरच्या खाली गेला होता. २००८-०९ च्या जागतिक मंदीत तो पुन्हा त्याच पातळीवर आला. घरगुती ग्राहकांऐवजी लहान व्यावसायिकांकडे लक्ष वळविल्यावर मात्र व्यवसाय स्थिरावला आणि २०१८ मध्ये भाव वीस डॉलरच्या घरात पोहोचला. मंदीत घेतलेला समभाग नऊ वर्षे सांभाळणाऱ्याची रक्कम वीसपटीहून अधिक झाली. अशाच उदाहरणांवरून ‘संयम ठेवा’ हा उपदेश रूढ होतो!

ग्राहकगळतीचे गणित

ही सेवा मासिक वर्गणीवर चालते. त्यामुळे ग्राहक किती मिळाले यापेक्षा ते किती काळ टिकले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. उदाहरणादाखल, एक ग्राहक मिळविण्यास जाहिरात, यंत्र व विक्री यांवर ३०० डॉलर खर्च होतात आणि सेवाखर्च वजा जाता त्याच्याकडून महिन्याला १० डॉलर उरतात, असे मानू. दरमहा शंभरांपैकी दोन ग्राहक सोडून गेल्यास ग्राहकाचे सरासरी आयुष्य ५० महिने होते व ५०० डॉलर मिळतात. चार ग्राहक सोडून गेल्यास ते २५ महिन्यांवर येते, २५० डॉलरच मिळतात आणि प्रत्येक नव्या ग्राहकामागे ५० डॉलरचा तोटा होतो. अशी कंपनी जितकी वेगाने वाढेल तितकी अधिक रक्कम गमावते. केवळ ग्राहकसंख्येचा आलेख पाहणाऱ्यास हे कळत नाही.

वाढ आणि भागधारकाचा वाटा

मार्च २०१० मध्ये संपलेल्या वर्षात ‘एट बाय एट’चे उत्पन्न सुमारे ६.३ कोटी डॉलर होते. मार्च २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात ते ७४ कोटींवर गेले. त्याच सुमारास समभागांची संख्याही जवळपास दुप्पट झाली, म्हणजे एका समभागाचा वाटा निम्म्यावर आला. २०१९ मध्ये कंपनीने अर्धा टक्का व्याजाचे परिवर्तनीय कर्जरोखे विकले. २०२२ मध्ये ‘फ्यूझ’ ही कंपनी सुमारे २५ कोटी डॉलरना घेतली आणि त्याच वर्षी जुन्या रोख्यांपैकी बहुतेकांच्या जागी चार टक्के व्याजाचे नवे रोखे व मुदत कर्ज आले. २०२१ च्या आरंभी पस्तीस डॉलरच्या वर असलेला समभाग २०२४ मध्ये दोन डॉलरच्या आसपास होता. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी दूरध्वनी ही आपल्या कार्यालयीन सेवेतील एक सोय करून टाकली, हेही एक कारण होय.

व्होनेजचा अनुभव

तुलनेने मोठ्या व्होनेज कंपनीने मे २००६ मध्ये प्रत्येकी १७ डॉलरना समभाग विकले आणि आपल्या ग्राहकांनाही त्यात सहभागी करून घेतले. भाव तत्काळ कोसळला व काही ग्राहकांनी पैसे देण्याचे नाकारले. २००७ मध्ये व्हेरायझन कंपनीच्या पेटंट-दाव्यात ज्यूरीने ५.८ कोटी डॉलर भरपाई ठरविली. २००८ च्या अखेरीस समभाग एक डॉलरच्याही खाली होता. २०२२ मध्ये एरिक्सनने ही कंपनी २१ डॉलर प्रतिसमभाग दराने विकत घेतली. सोळा वर्षे थांबलेल्या मूळ भागधारकाची भाववाढ वार्षिक सव्वा टक्क्याच्या जवळपास भरते. बँकेतील मुदत ठेवही याहून बरी म्हणावी लागेल. खरेदीदाराच्या पदरीही फारसे पडले नाही, कारण २०२३ मध्ये एरिक्सनने या व्यवहाराशी निगडित सुमारे ३२ अब्ज स्वीडिश क्रोनर आपल्या ताळेबंदातून कमी केले.