काचमण्यांचा इतिहासकार : डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित

आर्वी तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पैलतीरावर, रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडिण्यपुरात ज्यांनी उत्खनन केले, ते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे भारतीय काचेच्या पहिल्या मोठ्या अभ्यासकांपैकी एक होत. त्यांची वाट मण्यांपासून सुरू झाली : लाल अकीकावर क्षाराने नक्षी रेखून तो तापवला की रेषा कायमच्या पांढऱ्या उमटतात, आणि अशा रेखांकित मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1949 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्रिपुरी व सिरपूर येथील उत्खनने करून ते कौंडिण्यपुराकडे वळले, ज्याच्या उत्खननाचा वृत्तान्त 1968 मध्ये ग्रंथरूपाने आला. लगेच 1969 मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेचा इतिहास प्रकाशित केला, आणि हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. काच म्हणजे वाळू, तिला लवकर वितळवणारा क्षार आणि तिला टिकाऊ करणारा चुना यांचे मिश्रण असल्याने, काचेच्या मण्याचे रासायनिक पृथक्करण, म्हणजे त्यातील घटकांचे प्रमाण शोधणे, तो कोठे घडला याचा माग देऊ शकते. म्हणूनच आर्वीकरांनी पैलतीरावरच्या कौंडिण्यपुराच्या टेकाडांकडे तीर्थस्थानाइतक्याच आस्थेने उत्खननस्थळ म्हणूनही पाहावे.