एकवीस आवर्तने आणि नऊ अंतराय

मुलीचे लग्न जमता जमता मोडले, मुलाची परीक्षा तोंडावर आली, किंवा दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या दाव्याची तारीख पुन्हा एकवार पुढे गेली, की महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत, वकील, शिक्षक आणि मध्यस्थ या सर्वांशी मसलत करून झाल्यावर, कोणीतरी वडीलधारे माणूस सुचविते, "एकदा अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करून घ्या." ही सूचना इतकी अंगवळणी पडलेली आहे की ऐकणारा ती बहुधा निमूटपणे मान्य करतो, गुरुजींना निरोप जातो, दिवस ठरतो आणि अनुष्ठान पार पडते. पण जे विघ्न दूर व्हावे म्हणून हा सारा खटाटोप, ते विघ्न नेमके वसते कोठे, आणि मुखाने उच्चारलेली चार शब्दांची आवर्तने त्याच्यापर्यंत पोहोचतात कोणत्या वाटेने, याची चौकशी सहसा होत नाही. माझ्या मते आपल्या जुन्या ग्रंथांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे, आणि ते आजही पटण्याजोगे आहे.

श्रीगणपत्यथर्वशीर्ष हे अथर्ववेदाशी जोडलेले एक लहानसे उपनिषद. मुक्तिकोपनिषदातील एकशे आठ उपनिषदांच्या यादीत त्याची गणना होत असली, तरी विद्वान त्याला वेदकालीन मानीत नाहीत. इसवी सनाच्या सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास त्याचा काळ नेण्याकडे त्यांचा कल दिसतो. त्यामुळे त्याची योग्यता उणी होते असे मला वाटत नाही. कारण गाणपत्य संप्रदायाचे सारे तत्त्वज्ञान इतक्या थोड्या जागेत अन्यत्र क्वचितच आढळेल. गणपती हाच कर्ता, धर्ता आणि हर्ता, पंचमहाभूते तोच, वाणीची चारही स्थाने तोच, असे सांगत सांगत हा पाठ मूळ मंत्राशी येतो, आणि तेथे गकार, अकार, अनुस्वार व त्यांना सांधणारा नाद अशी एकाक्षरी बीजाची फोड अशा काटेकोरपणे करून दाखवितो की तो व्याकरणाचाच धडा वाटावा. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाठाच्या मुख्य भागात धन, पद किंवा संतती यांपैकी काहीही मागितलेले नाही. मागितले आहे ते रक्षण, आणि तेही म्हणणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे, देणाऱ्याचे, शिकविणाऱ्याचे व शिकणाऱ्याचे, सर्व दिशांनी. दूर्वांनी पूजन केल्यास कुबेरासारखे वैभव, लाह्यांनी केल्यास यश व बुद्धी, सहस्र मोदकांनी केल्यास वांछित फळ, हे सर्व येते ते शेवटी, फलश्रुतीत.

आता विघ्नाकडे वळू. आज ज्याला आपण विघ्नहर्ता म्हणून आळवितो, त्या देवतेचे प्राचीन रूप अगदी निराळे होते. मानवगृह्यसूत्रात एक नव्हे, चार विनायक सांगितले आहेत, आणि ते चारही माणसाला पछाडणारे, त्याच्या कार्यात मोडता घालणारे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात विनायकशांतीचे जे प्रकरण आहे, त्यात या चारांचा एक विनायक झालेला आहे, आणि ब्रह्मदेवाने व रुद्राने त्याला गणांचे आधिपत्य देऊन कर्मांत विघ्न उत्पन्न करण्याच्या कामावर नेमले, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या स्थित्यंतराची चर्चा केलेली आहे, ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी.

या प्रकरणात विनायकाने ग्रासलेल्या माणसाची लक्षणे दिलेली आहेत, आणि ती वाचताना मला नेहमी विस्मय वाटतो. असा माणूस स्वप्नात खोल पाण्यात बुडतो, मुंडन केलेली माणसे पाहतो, गाढवे आणि उंट यांच्या संगतीत सापडतो. जागेपणी त्याचे मन खिन्न असते, त्याने आरंभिलेले कोणतेही काम फळाला येत नाही, आणि कारण नसताना तो खचत जातो. राजपुत्र असेल तर त्याला राज्य मिळत नाही, कुमारिकेला वर मिळत नाही, विद्यार्थ्याला विद्या नाही, व्यापाऱ्याला नफा नाही, शेतकऱ्याला पीक नाही. इतकेच काय, वेद पढलेल्या श्रोत्रियालाही आचार्यपद मिळत नाही. यावर सांगितलेला उपाय तर फारच सविस्तर: पांढऱ्या मोहरीचे उटणे, घोड्याच्या तबेल्यातील, हत्तीखान्यातील, वारुळाची, नदीसंगमाची आणि डोहाची माती, गुग्गुळ, गोरोचन, आणि चार कलशांतील पाण्याने स्नान. कार्ये अडली म्हणून अथर्वशीर्षाकडे येणाऱ्या आजच्या माणसाची दरखास्त पाहावी, तर तिच्यातील बाबी याच असतात: विवाह, विद्या, व्यापार, पद. परंतु स्मृतिकाराने या सर्वांच्या आधी कोणती गोष्ट मांडली, ते विसरता कामा नये. प्रथम मन खिन्न होते, मग आरंभ निष्फळ होतात.

हेच सूत्र पतंजलींच्या योगसूत्रांत अधिक बारकाईने उलगडलेले दिसते. प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना करावी, त्यायोगे अंतरायांचा अभाव होतो, असे सांगून पतंजलींनी पुढच्याच सूत्रात नऊ अंतराय मोजून दाखविले आहेत: व्याधी, चित्ताची जडता, संशय, प्रमाद, आलस्य, विषयांची न सुटणारी ओढ, भलत्यालाच खरे मानणारी भ्रांती, अपेक्षित भूमिका न गाठणे, आणि गाठली तरी तिच्यावर न टिकणे. ही यादी पुन्हा पुन्हा वाचावी. तिच्यात शत्रू नाही, प्रतिस्पर्धी नाही, शनीची दशा नाही, वरिष्ठांची गैरमर्जी नाही. व्याधी एक सोडली तर बाकी आठही अंतराय माणसाच्या अंतःकरणात घर करून राहणारे आहेत. त्यांच्या सोबत्यांचीही नोंद पतंजलींनी घेतली आहे: दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप, आणि श्वासाची विस्कटलेली गती. जपाने ज्यांचे निवारण व्हावयाचे ते हे अंतराय होत, अशी माझी समजूत आहे. आणि अनुष्ठानाची तजवीज नीट न्याहाळली तर ती याच कामासाठी रचलेली आहे, अशी खातरजमा होते.

अनुष्ठानाचा आरंभ संकल्पाने होतो. यजमान आचमन व प्राणायाम करून हातात अक्षता घेतो, आणि गुरुजी देशकालाचा उच्चार करू लागतात: गोदावरीचे कोणते तीर, शालिवाहन शक कोणता, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग यजमानाचे गोत्र व नाव, आणि सर्वांत शेवटी कार्य. जुन्या सनदेत स्थळ, काळ, व्यक्ती आणि प्रयोजन यांचा मजकूर जसा निःसंदिग्ध असावा लागे, तसाच हा असतो. मी पाहिलेल्या एका अनुष्ठानात गुरुजी या ठिकाणी थांबले आणि त्यांनी विचारले, "काय कार्य म्हणून उच्चार करू?" यजमान गोंधळून म्हणाले, "मुलाची नोकरी, आणि तसं सगळंच जरा अडलंय, गुरुजी." त्यावर गुरुजी शांतपणे म्हणाले, "सगळं नको. एकच सांगा." यजमानांनी क्षणभर विचार करून एकच गोष्ट सांगितली, आणि ताम्हनात पाणी सोडले. आपल्याला काय हवे आहे हे कित्येकांना इतक्या स्पष्टपणे तोंडाने सांगावे लागते, ते आयुष्यात बहुधा अशाच प्रसंगी. संशय हा तिसरा अंतराय. त्याच्यावर पहिला घाव येथे पडतो.

मग गळतीतून मूर्तीवर संततधार सुरू होते. तांब्याच्या त्या पात्राच्या तळाशी बारीक छिद्र असते, त्यात दर्भाची काडी खोवलेली असते, म्हणजे धार एकसारखी आणि बारीक पडते. वीस आवर्तने फलश्रुतीविना होतात, एकविसाव्याला फलश्रुती जोडतात. प्रत्येक आवर्तन संपले की एक सुपारी या वाटीतून त्या वाटीत जाते. एका आवर्तनाला फलश्रुती वगळून सुमारे चार मिनिटे धरली, तर एकवीस आवर्तनांना दीड तास सहज लागतो. सहस्रावर्तनाचा हिशेब याच मापाने केला तर एकट्या माणसाला सासष्ट तासांहून अधिक वेळ लागेल; म्हणून एकवीस जण बसतात, प्रत्येकी अठ्ठेचाळीस आवर्तने म्हणतात, आणि एक हजार आठ भरतात. आरंभीची दोन-तीन आवर्तने उत्साहात जातात. त्यानंतर जिव्हा आपोआप चालू लागते आणि मन भलतीकडे जाते. पाठात एकसारख्या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये पुष्कळ असल्यामुळे बेसावध माणूस एका वाक्यावरून चार वाक्ये पुढे घसरतो, शेजारचा आवाज मात्र योग्य जागी असतो, आणि चूक तत्क्षणी उघडी पडते. अनुदात्त आणि स्वरित यांची खूण पोथीत अक्षरांच्या वरखाली केलेली असते, तीही डोळ्यांना सुटू देत नाही. प्रमाद, आलस्य आणि अनवस्था यांच्याशी माणसाची गाठ पडते ती येथे, आणि ज्याने दीड तास त्यांना तोंड दिले, त्याला ते आपल्यात आहेत एवढे तरी कळून चुकते.

श्वासाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इटलीतील लुचिआनो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तेवीस निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा षडक्षरी मंत्र म्हणवून घेतले होते. दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली, आणि हृदयाच्या लयीत अनुकूल बदल दिसला. अथर्वशीर्षाविषयी तो अभ्यास नव्हता, हे खरे. पण दीर्घ वाक्य एका श्वासात म्हणावयाचे तर श्वास आवरावा लागतो, आणि पतंजलींनी विस्कटलेल्या श्वासाला अंतरायांचा सोबती का म्हटले, हे त्यावरून समजते.

म्हणूनच अलीकडे जो प्रकार सर्रास दिसतो, त्याचे मला दुःख होते. घरात यंत्रावर पाठ लावून ठेवावा, तो दिवसभर वाजत राहावा, आणि घरची माणसे आपापल्या कामात असावीत. किंवा दूरच्या गावी कोणा अपरिचिताकडे रक्कम पाठवून सहस्रावर्तनाचा प्रसाद टपालाने मागवावा. श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. गुरुजींनी यजमानासाठी पाठ करावा ही परंपरा जुनीच आहे. पण त्या परंपरेतही यजमान समोर बसलेला असे, संकल्प त्याच्या तोंडचा असे आणि उपवास त्याचा असे. जो दीड तास बसला नाही, त्याच्या आलस्याला धक्का लागावा कसा?

याला उत्तर म्हणून कोणी विचारील की, इतके सारे करूनही विघ्न टळले नाही तर? थेऊरचे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. मोरया गोसावींच्या तपश्चर्येने पावन झालेले म्हणून परंपरा सांगते असे ते चिंतामणीचे क्षेत्र थोरल्या माधवरावांच्या विशेष भक्तीचे होते. तेथील लाकडी सभामंडपही त्यांनीच बांधविला असे सांगतात. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेतलेल्या, १७६३ साली राक्षसभुवनी निजामाचा पराभव केलेल्या, कर्ज, गृहकलह आणि क्षय या तिन्हींशी एकाच वेळी झुंजलेल्या त्या पुरुषाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, चिंतामणीच्या सान्निध्यात देह ठेवला. व्याधी टळली नाही. परंतु अकरा वर्षांच्या त्या कारभारात जडता, संशय, आलस्य यांपैकी एकही अंतराय त्यांच्या वाटेत उभा राहिलेला इतिहासाला आढळत नाही, आणि त्यांच्या भक्तीचे फळ कोठे शोधावे असे कोणी विचारले तर मी याच अकरा वर्षांकडे बोट दाखवीन. अनुष्ठानाच्या समाप्तीलाही जो उच्चार होतो, तो संकल्पातील फळाची आठवण करून देणारा नसतो. या कर्माने महागणपती प्रसन्न होवो, एवढेच म्हणून कर्म देवाला अर्पण केले जाते.

समाधानाची गोष्ट अशी की हा पाठ आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर हजारो स्त्रिया एकत्र बसून तो म्हणतात. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या व्यक्तींना पौरोहित्य शिकविले आहे. फलश्रुतीत हा पाठ आठ जणांना नीट शिकविणाऱ्यासाठी सूर्यासारखे तेज सांगितले आहे. ज्याला तो शुद्ध येतो त्याने यंदा श्रावणातच आळीतील मुलामुलींना संथा द्यावयास बसावे: आपण एकदा म्हणावे, मुलांनी दोनदा म्हणावे, एका बैठकीला चार-पाच वाक्यांहून अधिक घेऊ नयेत, स्वर हाताच्या खुणेने दाखवावेत, आणि मागील पाठ पक्का झाल्याशिवाय पुढचा घेऊ नये. फलश्रुती सर्वांत शेवटी शिकवावी.